काजळी हा रोग नव्हे

माझा मावसभाऊ सोलापुरात डिझेल व्हॅन चालवतो. आठवडाभर शाळेची मुलं आणि सुट्टीच्या दिवशी तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरची भाडी. गाडी बीएस-४ इंजिनाची, सेकंडहँड घेतलेली. हप्ते अजून फिटायचे आहेत. घरात खाणारी पाच तोंडं आणि कमावणारी ती एक गाडी.

गेल्या दिवाळीच्या सुमारास गाडी ओढेनाशी झाली. रिकामी असली की ठीक चालायची. पण माणसं भरून तुळजापूरचा चढ लागला की दुसऱ्या गिअरवर यायची आणि मागून काळा धूर सोडायची. अ‍ॅव्हरेज पडलं. सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरायचं. मीटरवरचा पिवळा दिवा कधी लागायचा, कधी विझायचा.

पुढच्या चार महिन्यांत तो तीन गॅरेज फिरला. पहिल्या ठिकाणी सांगितलं, ‘इंजिनमध्ये कार्बन झालाय.’ नळी लावून मशीनने तासभर ‘डीकार्बन’ केलं, एअर फिल्टर बदलला. आठवडाभर गाडी बरी वाटली. दुसऱ्या ठिकाणी इनटेक मॅनिफोल्ड खोललं. आत डांबरासारखा काळा थर होता आणि हवेची वाट निम्मी बुजली होती. ते सगळं खरवडून धुऊन काढलं. महिनाभर गाडी छान चालली, मग पुन्हा तेच. तिसऱ्या ठिकाणी गाडीचा आवाज ऐकूनच निकाल दिला, ‘दोन इंजेक्टर गेलेत. आणि ईजीआर बंद करून टाका, सगळी कटकट तिथूनच आहे.’ तोवर वीस हजारांच्या वर खर्च झाला होता. इंजेक्टरसाठी पैसे उसने मागायला तो माझ्याकडे आला.

मी म्हटलं, पैसे देतो, पण आधी एकदा मिस्त्री चाचांना दाखवू. हे चाचा माझ्या वडिलांच्या ओळखीचे. वय साठीच्या पुढे. डिझेल इंजिनं उघडण्यात हयात गेली. त्यांच्याबरोबर त्यांचा पुतण्या असतो, आयटीआय केलेला, हातात स्कॅनर घेऊन फिरणारा. त्या दुपारी त्या दोघांनी जे केलं ते पाहून मला जे वाटलं, ते सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे. विषय एका व्हॅनचा असला, तरी ज्याच्या ज्याच्याकडे डिझेल गाडी आहे आणि जो जो गाडी दुरुस्त करून पोट भरतो, त्या प्रत्येकाचा तो आहे.

चाचांनी आधी बॉनेट उघडलंच नाही. भावाला स्टूल दिलं, चहा मागवला आणि विचारायला सुरुवात केली. “बेटा, गाडी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते का? धूर कधी येतो, सुरू करताना की चढावर? काळा की निळा? ऑइल कमी होतं का? पाणी टाकावं लागतं का? रोज एका दमात किती किलोमीटर चालते? शाळेसमोर इंजिन चालू ठेवून थांबतोस का?” भाऊ उत्तरं देत गेला. गाडी सकाळी लगेच सुरू होते. धूर काळा, आणि फक्त ओझ्यावर. ऑइल-पाणी कमी होत नाही. रोजची फेरी तीन-चार किलोमीटरची, आणि शाळा सुटायच्या वेळी वीस-पंचवीस मिनिटं इंजिन चालूच.

या प्रश्नांत निम्मं निदान असतं, हे मला तेव्हा कळलं. धुराचा रंग म्हणजे इंजिनाची नाडी. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याची वाफ. सकाळी गाडी एका सेल्फला उठते, म्हणजे कॉम्प्रेशन अगदीच गेलेलं नसावं. धूर फक्त ओझ्यावर येतो, म्हणजे दोष तेव्हाच जागा होतो जेव्हा टर्बो जोर लावतो.

आणि इथेच आधीच्या तिन्ही गॅरेजची चूक होती. तिघांनीही गाडी उभी करून तपासली. गाडी उभी असताना टर्बो जवळजवळ झोपलेला असतो. दोष तिथे दिसणार कसा?

चाचांनी गॅरेजमधली सहा पोरं मागे बसवली, पुतण्याला स्कॅनर घेऊन पुढे बसवलं आणि भावाला शहराबाहेरच्या उड्डाणपुलावर गाडी घ्यायला सांगितलं. निघण्यापूर्वी पुतण्याने एक साधी गोष्ट केली. चावी फिरवली, इंजिन सुरू केलं नाही आणि मॅनिफोल्डच्या प्रेशर सेन्सरचा आकडा पाहिला. ९६ किलोपास्कल. इंजिन बंद असताना त्या सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. समुद्रकाठी मुंबईत तो १०१च्या आसपास असतो, सोलापूरच्या उंचीवर ९६च्या जवळ, महाबळेश्वरला ८६-८७. म्हणजे सेन्सर खरं बोलत होता. ज्या साक्षीदाराला प्रश्न विचारायचे, तो खोटा तर नाही ना, हे आधी पाहायचं. एक पैसा न लागणारी ही तपासणी. आधी कोणी केली नव्हती.

पुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला. स्कॅनरवर दोन आकडे शेजारी शेजारी होते. इंजिनाचा कॉम्प्युटर मागत होता १९०, मिळत होते १३५. त्याच वेळी इंजेक्टरला डिझेल पुरवणाऱ्या रेलमधला दाब मात्र मागणीइतका नीट येत होता. म्हणजे डिझेल पोहोचत होतं, हवा पोहोचत नव्हती. मागून काळा धूर निघाला. मागच्या सीटवरची पोरं हसायला लागली, चाचा हसले नाहीत. म्हणाले, “हवा कुठेतरी पळतेय.”

गाडी परत आल्यावर बॉनेट उघडलं. टर्बोपासून इंटरकूलरकडे आणि तिथून मॅनिफोल्डकडे जाणारा रबरी होस पाइप असतो. चाचांनी त्यावरून खालच्या बाजूने बोट फिरवलं आणि बोट वर करून दाखवलं. ऑइलने ओलं झालेलं. इंजिनाच्या ब्रीदरमधून थोडी ऑइलची वाफ हवेच्या वाटेत येतच असते. त्यामुळे जिथून हवा बाहेर फुटते तिथे तेलकट डाग पडतो. क्लिपच्या अगदी काठाखाली, वरून न दिसणारी, करंगळीएवढी चीर होती. गाडी उभी असताना ती मिटलेली असायची. टर्बोचा दाब आला की तोंड उघडायची.

मग पुतण्याने ईजीआरचा व्हॉल्व्ह स्कॅनरवरून बंद करायचा हुकूम दिला. व्हॉल्व्ह खरोखर मिटला असता, तर आत येणाऱ्या ताज्या हवेचा आकडा लगेच वाढायला हवा होता. तो फारसा हललाच नाही. व्हॉल्व्ह खोलला, तर मॅनिफोल्ड साफ केल्यानंतरच्या काही आठवड्यांतच काजळीचा खडा पुन्हा साचला होता आणि झडप पूर्ण बसत नव्हती.

तिसऱ्या गॅरेजने बाद ठरवलेले इंजेक्टरही त्यांनी तपासून दाखवले. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार छोट्या बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन काही मिनिटं चालवलं. ज्या इंजेक्टरची झीज झालेली असते, त्याची बाटली इतरांपेक्षा लवकर भरते. इथे चारही बाटल्या जवळजवळ सारख्या भरल्या. इंजेक्टर चांगले होते. जे बदलण्यासाठी माझा भाऊ कर्ज काढायला निघाला होता, ते चांगले होते!

आता या सगळ्याची साखळी नीट समजून घेऊ, कारण माझ्या म्हणण्याचा पाया तिथेच आहे.

डिझेल इंजिनात डिझेल नीट जळायला भरपूर हवा लागते. हवा कमी पडली की जळण अर्धवट होतं आणि काजळी तयार होते. बहुतेक काजळी सायलेन्सरमधून बाहेर जाते. पण ईजीआर नावाची एक व्यवस्था जळालेल्या धुराचा काही भाग मुद्दाम परत इंजिनात फिरवते. त्यामुळे सिलिंडरमधलं तापमान खाली येतं आणि नायट्रोजन ऑक्साइड हा विषारी वायू कमी तयार होतो. या परत येणाऱ्या धुरातली काजळी आणि ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ एकत्र आली की डांबर तयार होतं. ते मॅनिफोल्डला चिकटतं, ईजीआरच्या झडपेवर बसतं. झडप नीट मिटेनाशी झाली की नको तेव्हाही धूर आत येतो. ताज्या हवेची जागा तो खातो. हवा आणखी कमी, काजळी आणखी जास्त. पहिल्या चिरेने सुरू झालेलं चक्र मग आपोआप फिरत राहतं.

म्हणून दुसऱ्या गॅरेजने कितीही मेहनतीने मॅनिफोल्ड धुतलं, तरी ते महिनाभरच टिकलं. छपरातून पाणी गळतंय आणि आपण रोज फरशी पुसतोय, असा तो प्रकार. काजळी हे लक्षण आहे. रोग कुठेतरी दुसरीकडेच असतो.

तो रोग दरवेळी फाटका होसच असेल असं नाही. कधी एअर फिल्टर धुळीने बुजलेला असतो. कधी हवा मोजणारा सेन्सर मळलेला असतो आणि कॉम्प्युटरला चुकीचा हिशेब देतो. कधी डिझेल फिल्टरमध्ये पाणी साठलेलं असतं, कधी एखादा इंजेक्टर फवारा मारण्याऐवजी थेंब गाळत असतो. कधी रिंगा झिजल्याने इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारत असतं. ऑइल भरायचं झाकण सैल केलं की धुराचा झोत येतो, त्यावरून ते कळतं. कधी टर्बोचं सील ऑइल सोडतं. कधी सायलेन्सरच मध्ये बुजलेला असतो आणि इंजिनाला श्वास बाहेर टाकता येत नाही.

आपल्याकडचं एक खास कारण तर आपण स्वतःच पैदा करतो. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकतो. मग इंजिन छोट्या फेऱ्यांत हव्या त्या तापमानाला पोहोचतच नाही, आणि थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही. गाडी तापत असेल तर रेडिएटर, पंखा, वॉटर पंप पाहायला हवा. थर्मोस्टॅट काढणं म्हणजे ताप मोजायला नको म्हणून थर्मामीटर फोडणं नव्हे, त्याहून वाईट आहे. कारण त्या छोट्या झडपेचं काम तापमान मोजण्याचं नसून ते सांभाळण्याचं असतं.

या सगळ्या शक्यता तपासण्याला एक क्रम आहे, आणि चाचांचा क्रम मला फार शहाणपणाचा वाटला. स्वस्तापासून महागाकडे, बाहेरून आतल्या बाजूला. आधी विचारायचं, मग चालवून पाहायचं. मग हवेची वाट, म्हणजे फिल्टर, होस, क्लिपा, टर्बो. मग ईजीआर. मग बाहेर जाण्याची वाट. मग डिझेलची वाट, फिल्टरपासून इंजेक्टरपर्यंत. आणि सगळ्यात शेवटी इंजिनाचं पोट, म्हणजे कॉम्प्रेशन. आपल्याकडे बहुतेकदा हा क्रम उलटा चालतो. ज्या पार्टमध्ये पैसा जास्त, त्यावर आधी संशय.

स्कॅनरबद्दलही इथेच बोलायला हवं. दुसऱ्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला होता आणि त्याने पी०२९९ हा कोड दाखवलाही होता. टर्बोचा दाब कमी पडतोय, असा त्याचा अर्थ. त्यांनी तो कोड पुसून टाकला आणि दिवा विझला. गिऱ्हाईक खूश! पण कोड म्हणजे निकालपत्र नव्हे. पोट दुखतंय असं रोग्याने सांगावं, तेवढंच कोड सांगतो. दुखतंय का, हे शोधायला माणूस लागतो. तोच कोड पाहून एखादा टर्बो बदलायला सांगेल आणि गिऱ्हाइकाचा महिन्यांचा धंदा त्यात जाईल. दुसरा होसवरून बोट फिरवेल.

आता मूळ मुद्दा. बिल करायची वेळ आली. होस, दोन क्लिपा, ईजीआरचं गॅस्केट आणि मजुरी. आधीच्या कोणत्याही बिलाच्या पाव हिश्शाचं बिल. त्यात चाचांनी तपासणीचे तीनशे रुपये वेगळे लिहिले होते. माझ्या भावाने बिल पाहिलं आणि काय म्हणाला असेल? “चाचा, हे तीनशे कशाचे? नुसतं बघायचे?”

मला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असतो तरी हेच म्हटलं असतं. आपण सगळेच म्हणतो.

चाचा चिडले नाहीत. म्हणाले, “बेटा, मी इंजेक्टर बदलले असते तर तू हजारो रुपये मुकाट दिले असतेस. जुना पार्ट हातात देतो ना मी, तो बघून तुला पटतं की काम झालं. मी नुसतं सांगितलं की इंजेक्टर चांगला आहे, तर तुला वाटतं मी केलं काय?”

माझं मत असं बनलं आहे की आपल्या गॅरेजमधल्या निम्म्या चुकीच्या दुरुस्त्यांना आपणच, गिऱ्हाईकच, कारण आहोत. आपण पार्टचे पैसे देतो, निदानाचे देत नाही. दोन तास डोकं चालवून ‘यात काही बिघडलेलं नाही’ असं सांगणाऱ्या मिस्त्रीला आपण रिकाम्या हाताने परत पाठवतो आणि दहा मिनिटांत चुकीचा पार्ट बदलणाऱ्याला नोटा मोजतो. मग मिस्त्रीने काय शिकावं? तो तेच शिकतो, जे आपण त्याला शिकवतो. काहीतरी खोल, काहीतरी बदल, काहीतरी दाखव. डॉक्टरांकडे गेल्यावर औषध लिहून दिलं नाही तरी आपण फी देतो. मिस्त्रीला ‘फी’ हा शब्दच आपण लागू होऊ देत नाही, कारण त्याच्या कपड्याला ग्रीस लागलेलं असतं.

सगळे मिस्त्री प्रामाणिक असतात असं माझं म्हणणं नाही. काही जण फसवतातच. पण फसवणारा आणि नीट माहिती नसलेला यांत फरक आहे, आणि दुसऱ्या प्रकारचे कितीतरी जास्त आहेत. भावाच्या तिन्ही गॅरेजपैकी कोणी त्याला ठरवून लुटलं असं मला वाटत नाही. एकाने मशीनवर विश्वास ठेवला, दुसऱ्याने खरी मेहनत केली, तिसऱ्याने अनुभवावर अंदाज बांधला. तपासून पाहण्याची सवय आणि त्यासाठी मिळणारा मोबदला, या दोन गोष्टी मात्र कोणाकडेच नव्हत्या.

इथे आपल्या समाजाचा प्रश्न येतो. २००६ साली आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने नोंदवलं होतं की मुस्लिमांत पगारी नोकरीचं प्रमाण कमी आणि स्वयंरोजगाराचं प्रमाण जास्त आहे. गॅरेज हा त्या स्वयंरोजगाराचा एक मोठा भाग आहे, हे कोणत्याही शहरातली गॅरेजची ओळ पाहिली तरी कळतं. दहा-बारा वर्षांचं पोर उस्तादाच्या हाताखाली पाना द्यायला लागतं आणि विसाव्या वर्षी स्वतः मिस्त्री होतं. त्या शिक्षणाने फार चांगले हात तयार केले, यात शंका नाही. पण ते ज्या इंजिनासाठी होतं, ते इंजिन आता राहिलं नाही. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आलं, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. डिझेलमधल्या गंधकाचं प्रमाण ५० पीपीएमवरून १० वर आलं, गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आला. रेलमधला दाब दीड हजार बारच्या पुढे गेला. गाडीच्या चाकात दोन-अडीच बार हवा असते, म्हणजे हिशेब करा. त्या दाबाच्या नळीला सुईएवढं भोक पडलं तर डिझेल कातडीत घुसतं. तिथे नट सैल करून ‘हवा काढायची’ जुनी सवय हात गमावायची वेळ आणू शकते.

तसंच मशीनच्या किंवा स्प्रेच्या भरवशावर चालू इंजिनात काहीही फवारणं. डिझेल इंजिन आत आलेलं जळणारं काहीही जाळून वेग घेऊ शकतं, आणि मग चावी बंद केली तरी थांबत नाही. सुटलेला काजळीचा खडा सिलिंडरमध्ये गेला तर आणखी वेगळं नुकसान. घट्ट बसलेला थर खोलून, हातानेच काढावा लागतो. आणि तोही कारण सापडल्यानंतर.

म्हणून चाचांच्या गॅरेजमधली ती जोडी मला फार महत्त्वाची वाटते. चाचांच्या बोटाला ऑइलचा डाग कळतो, पुतण्याला १९० आणि १३५ यांतला अर्थ कळतो. दोघांपैकी एकच असता, तर दुपार वाया गेली असती. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’ हा एका वर्षाचा अभ्यासक्रम आहे, ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हा दोन वर्षांचा. आपल्या वस्तीतली किती पोरं दहावी पुरी करून तिथवर पोहोचतात? पोरगा गॅरेजला लागला म्हणजे शिक्षण संपलं, असं आपण मानतो. मी म्हणतो, गॅरेजला लागला म्हणजे आता जास्त शिकायची गरज आहे. आलेख वाचता आला पाहिजे, स्कॅनरवरचं इंग्रजी समजलं पाहिजे, विजेच्या वायरीत किती व्होल्ट असायला हवेत हे कळलं पाहिजे. जमातखान्यात, शादीखान्यात आपण वर्षभर कार्यक्रम घेतो. दोन दिवस तिथेच एखादं इंजिन स्टँडवर ठेवून पोरांना शिकवायला कोणाची हरकत असणार आहे?

शेवटी ‘ईजीआर बंद करून टाका’ या सल्ल्याबद्दल. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अनेकांना पटतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. पत्र्याची चकती टाकून ती वाट बंद केली की काजळी मॅनिफोल्डमध्ये येत नाही, पिकअप थोडं सुधारल्यासारखं वाटतं. पण मूळ चीर तशीच राहते, धूर तसाच निघतो. शिवाय जो नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी ती व्यवस्था होती, तो आता पूर्ण बाहेर पडतो. तो डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडे डिझेल गाडीची पीयूसी करताना धुराचा काळेपणा मोजतात, हा वायू मोजतच नाहीत. म्हणजे ईजीआर बंद केलेली गाडी पीयूसीत पास होऊ शकते आणि मालकाला वाटतं आपण कोणाचं काही बिघडवलं नाही.

पण ही व्हॅन उभी कुठे असते? शाळेच्या फाटकासमोर. वीस मिनिटं, इंजिन चालू. मागे रांगेत उभ्या असलेल्या पोरांच्या तोंडाच्या उंचीवर सायलेन्सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. हे भावाला सांगितल्यावर तो गप्प झाला. त्याची स्वतःची मुलगी त्याच व्हॅनमधून जाते.

आम्ही ईजीआर बंद केला नाही. व्हॉल्व्ह साफ करून, नवं गॅस्केट टाकून परत बसवला. चाचांनी दोन पथ्यं सांगितली. शाळेसमोर पोचल्यावर इंजिन बंद करायचं. आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी हायवेला अर्धा तास एका लयीत चालवायची, म्हणजे इंजिन पुरतं तापेल. ज्यांच्याकडे बीएस-६ व्हॅन आहे, त्यांना हे दुसरं पथ्य जास्तच लागू आहे. तिथे सायलेन्सरच्या वाटेतला फिल्टर साठलेली काजळी सुमारे ६०० अंशांना जाळून स्वतःला साफ करतो. गल्लीतल्या फेऱ्यांत त्याला ती संधी मिळत नाही. साफसफाई अर्धवट राहत गेली की डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. गेजवर ऑइल वर चढलेलं दिसलं, तर बरकत झाली असं समजू नका. लगेच दाखवा.

भावाने ते तीनशे रुपये दिले. कुरकुरत दिले, पण दिले. महिन्याभराने तो भेटला तेव्हा मी विचारलं, चढावर कशी चालते? म्हणाला, “भाई, तुळजापूरला तिसऱ्या गिअरवर गेली. मागे आरशात पाहिलं तर धूर नव्हता.” मग थोडं थांबून म्हणाला, “आमच्या स्टँडवरच्या आणखी एकाची गाडी तशीच करतेय. त्याला चाचांकडे पाठवलं. सांगितलं, आधी तपासणीचे पैसे दे आणि मग बोल.”